चाळीस आणि शंभर : घरातील इन्सुलिनचे गणित

आमच्या परिचयाचे एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. वय ७२. बरीच वर्षे मधुमेह आहे, आणि अलीकडची काही वर्षे इन्सुलिन चालू आहे. रात्रीच्या जेवणापूर्वी १८ युनिट, हा त्यांचा ठरलेला डोस. पूर्वी ते काचेच्या कुपीतले इन्सुलिन सिरिंजने घेत. पुढे डॉक्टरांनी त्यांना इन्सुलिनचे पेन दिले.

एका रात्री पेनची कळ अडकली. गावातले औषधाचे दुकान बंद झाले होते. सूनबाईंना कपाटात जुन्या, न वापरलेल्या सिरिंजांचे पाकीट सापडले. पेनमधल्या काचेच्या नळीत, म्हणजे कार्ट्रिजमध्ये, इन्सुलिन शिल्लक होते. त्यांनी हात धुतले, सिरिंजची सुई कार्ट्रिजच्या रबरी बुचात घातली, १८ च्या रेघेपर्यंत इन्सुलिन ओढले, आकडा दोनदा तपासला आणि सासऱ्यांना इंजेक्शन दिले. गुरुजी जेवले आणि नेहमीप्रमाणे झोपले.

रात्री एकच्या सुमारास त्यांच्या पत्नीला जाग आली. गुरुजींचा सदरा घामाने चिंब भिजला होता. ते अंथरुणात उठून बसले होते आणि कुठल्या तरी जुन्या वर्गाची हजेरी घेत होते. हाक मारली तरी ओळख पटत नव्हती. घरात ग्लुकोमीटर होता. त्यावर आकडा आला ३८. नशिबाने त्यांना गिळता येत होते. साखरेचे पाणी पाजले, गाडी मिळवली आणि तालुक्याच्या गावी रुग्णालयात नेले. शिरेतून ग्लुकोज देऊन दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत देखरेखीखाली ठेवावे लागले. गुरुजी बरे झाले.

नववीत शिकणाऱ्या नातवाने दुसऱ्या दिवशी सिरिंजचे वेष्टन आणि कार्ट्रिज शेजारी शेजारी ठेवले. एकावर ४० छापलेले होते, दुसऱ्यावर १००. त्याने वहीच्या मागच्या पानावर त्रैराशिक मांडले. उत्तर आले ४५. आजोबांना १८ युनिट नव्हे, ४५ युनिट इन्सुलिन गेले होते.

या प्रसंगात निष्काळजीपणा कोणाचा होता? आम्हांला तरी कोणाचाच दिसत नाही. हात धुतले होते, आकडा दोनदा पाहिला होता, डोस बरोबर आठवत होता. तरीही माणूस मृत्यूच्या दारापर्यंत गेला. सन २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्यांतल्या इन्सुलिन घेणाऱ्यांचे उपचार बहुतेक दिवस रुग्णालयात होत नाहीत. ते स्वयंपाकघरात, फ्रीजच्या दाराशी, घरच्याच माणसांच्या हातून होतात. म्हणून त्यामागचे विज्ञान आणि गणित घरातल्या माणसांना ठाऊक असणे ही चैनीची गोष्ट नाही.

युनिट म्हणजे काय?

इन्सुलिन हे स्वादुपिंडात तयार होणारे संप्रेरक आहे. ते एक छोटे प्रथिन असून त्यात ५१ अमिनो आम्ले दोन साखळ्यांमध्ये गुंफलेली असतात. प्रथिन असल्यामुळे ते तोंडाने घेतले तर डाळीतल्या प्रथिनाप्रमाणेच पचून जाते. म्हणूनच ते टोचून घ्यावे लागते.

सन १९२१ च्या उन्हाळ्यात कॅनडातील टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्याच्या स्वादुपिंडाचा अर्क काढून त्याचा परिणाम तपासला. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला स्वादुपिंडाचा अर्क पहिल्यांदा टोचण्यात आला. तो पुरेसा शुद्ध नव्हता. जेम्स कॉलिप यांनी अधिक शुद्ध केलेला अर्क त्याच महिन्यात दिल्यावर मुलाच्या रक्तातील साखर उतरली. पुढच्याच वर्षी, १९२३ मध्ये, बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता एक अडचण उभी राहिली. अर्क शुद्ध नसल्यामुळे त्यात इन्सुलिन किती मिलिग्रॅम आहे हे सांगता येत नव्हते. मग मोजायचे कसे? संशोधकांनी वजनाऐवजी परिणाम मोजायचे ठरवले. उपाशी ठेवलेल्या सशाच्या रक्तातील साखर ठराविक पातळीपर्यंत उतरवण्यास लागणारा अर्क, हे सुरुवातीचे 'एक युनिट'. पुढे या एककाच्या व्याख्या बदलत गेल्या. आज इन्सुलिन शुद्ध स्वरूपात मिळते आणि त्याचे वजनही करता येते. एक युनिट म्हणजे सुमारे ०.०३५ मिलिग्रॅम मानवी इन्सुलिन.

या हिशेबाने गुरुजींचा १८ युनिटांचा डोस साधारण ०.६ मिलिग्रॅम होतो आणि त्यांना त्या रात्री गेलेले ४५ युनिट साधारण १.६ मिलिग्रॅम होतात. दोहोंतला फरक एका मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे साखरेच्या एखाद्या बारीक दाण्याएवढा! इतके अल्प द्रव्य आपण हाताने मोजू शकत नाही. म्हणून ते पाण्यात विरघळवून, विरल करून देतात. आपण प्रत्यक्षात मोजतो ते द्रावणाचे आकारमान. तेव्हा द्रावणाची संहती कळल्याखेरीज आकारमानाला काहीच अर्थ नाही.

एकाच औषधाच्या दोन संहती

इन्सुलिनच्या पहिल्या काही दशकांत १ मिलिलीटरमध्ये २०, ४०, ८० युनिट अशा निरनिराळ्या संहतींची द्रावणे मिळत. त्यातून गोंधळ होऊ लागला. म्हणून अमेरिका, ब्रिटन इत्यादी देश १९७० आणि १९८० च्या दशकांत १०० युनिट प्रति मिलिलीटर या एकाच संहतीकडे वळले. भारतात मात्र कुपीतले इन्सुलिन मुख्यतः ४० युनिट प्रति मिलिलीटर याच संहतीचे राहिले. पुढे पेने आली, ती १०० च्या कार्ट्रिजसह. काही नव्या प्रकारची इन्सुलिने आता कुपीतसुद्धा १०० ची मिळतात. अशा रीतीने आपल्याकडे एकाच दुकानात, आणि कधी कधी एकाच घरात, दोन संहती नांदतात.

त्यामुळे सिरिंजाही दोन प्रकारच्या आहेत. ४० च्या इन्सुलिनची सिरिंज लाल टोपणाची असते आणि १०० च्या इन्सुलिनची नारिंगी टोपणाची. लाल आणि नारिंगी! रात्रीच्या मंद दिव्यात, सत्तरीतल्या डोळ्यांना या दोन रंगांतला फरक किती जाणवेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

सिरिंजवर छापलेले आकडे युनिटांचे असतात, मिलिलीटरचे नव्हेत. ही सोय आहे आणि धोकाही. लाल टोपणाच्या सिरिंजवरची '१८' ही खूण असे गृहीत धरते की आत भरलेले द्रावण ४० चेच आहे. सिरिंजला आत काय भरले आहे ते कळत नाही. ती फक्त आकारमान मोजते.

आता नातवाचे त्रैराशिक पाहू. लाल सिरिंजमध्ये ४० युनिटांची जागा म्हणजे १ मिलिलीटर. तर १८ च्या खुणेपर्यंतचे आकारमान १८ ÷ ४० = ०.४५ मिलिलीटर. पण कार्ट्रिजमधील द्रावण १०० युनिट प्रति मिलिलीटर. म्हणून प्रत्यक्ष गेलेले इन्सुलिन ०.४५ × १०० = ४५ युनिट, म्हणजे अडीचपट.

उलट चूकही होते. ४० ची कुपी आणि नारिंगी सिरिंज असेल तर १८ ची खूण म्हणजे ०.१८ मिलिलीटर, आणि त्यात इन्सुलिन ०.१८ × ४० = ७.२ युनिट, म्हणजे हव्या त्या डोसाच्या निम्म्याहूनही कमी. ही चूक रात्रीत उघडी पडत नाही. साखर आठवडेच्या आठवडे चढलेली राहते, डॉक्टर डोस वाढवत जातात, आणि एखाद्या दिवशी दुकानदार योग्य सिरिंज देतो. त्या दिवशी वाढवलेला डोस पुरताच्या पुरता शरीरात जातो.

आणखी एक बारीक सापळा आहे. १ मिलिलीटरच्या लाल सिरिंजवर सहसा एका रेघेला एक युनिट असते. १ मिलिलीटरच्या नारिंगी सिरिंजवर एका रेघेला दोन युनिट. म्हणून रेघा मोजू नयेत, आकडे वाचावेत.

या साऱ्यातून नियम निघतो तो एका ओळीचा : कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच असला पाहिजे. चाळीसला चाळीस, शंभरला शंभर. पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्सुलिन काढू नये. पेन बिघडले तर डॉक्टरांना फोन करून विचारावे, आणि शक्य असल्यास जादा पेन घरात ठेवावे. 'आजचा डोस चुकला तर चुकला' असेही परस्पर ठरवू नये. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात, जो बहुधा लहान मुलांत व तरुणांत सुरू होतो, इन्सुलिन बंद ठेवणे हेही जिवावर बेतू शकते.

साखर उतरते तेव्हा

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. १०० मिलिलीटर रक्तात १०० मिलिग्रॅम ग्लुकोज धरले तर साऱ्या रक्तात मिळून ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचाभर ग्लुकोज होते. एकट्या मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते, म्हणजे ताशी ५ ग्रॅम. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण ऊर्जेतला त्याचा वाटा वीस टक्क्यांच्या आसपास.

म्हणजे रक्तातील साऱ्या साखरेवर मेंदू तासभरच तग धरू शकेल. रात्रभर आपण काही खात नाही, तरी तो चालतो, कारण यकृत आपल्या साठ्यातून रक्तात सतत थोडे थोडे ग्लुकोज सोडत असते. आता इन्सुलिन काय करते? ते स्नायू व चरबीच्या पेशींना ग्लुकोज आत घ्यायला लावते आणि यकृताला ते सोडण्यापासून थांबवते. योग्य प्रमाणात हेच आपल्याला हवे असते. अडीचपट इन्सुलिन गेले की एकीकडे पाण्याचा नळ बंद होतो आणि दुसरीकडे टाकीचे भोक मोठे होते.

साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरली की ती कमी समजतात. ५४ च्या खाली गेली की गंभीर. शरीर प्रथम धोक्याची घंटा वाजवते. ॲड्रेनलिन स्रवते, म्हणून घाम येतो, हात थरथरतात, छातीत धडधडते, कडकडून भूक लागते. याकडे दुर्लक्ष झाले तर मेंदू उपाशी पडतो. बोलणे बरळल्यासारखे होते, माणूस चिडतो, हट्ट करतो, ओळख विसरतो, झोके खातो. दारू प्यायल्याचा संशय यावा असे हे वागणे असते आणि रस्त्यावर तसा गैरसमज होतोही. त्यापुढे झटके आणि बेशुद्धी.

वयस्कर माणसांत आणि दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांत ही घंटा मंद वाजते. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी दिली जाणारी काही औषधे थरथर व धडधड झाकून टाकतात. घाम मात्र बहुधा येतोच. आणि झोपेत घंटा ऐकणार कोण? म्हणून इन्सुलिन घेणाऱ्या वृद्धाच्या अंथरुणावरचा अवेळी घाम ही घरच्यांनी उठून पाहण्यासारखी गोष्ट आहे.

केवळ इन्सुलिननेच साखर उतरते असे नाही. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड अशा गोळ्या स्वादुपिंडाला अधिक इन्सुलिन स्रवायला लावतात. मूत्रपिंडाचे काम मंदावलेले असेल तर इन्सुलिन आणि यांपैकी काही गोळ्या यांचा परिणाम लांबतो. अशा वेळी एकदा साखर देऊन माणूस शुद्धीवर आला तरी काही तासांनी साखर पुन्हा उतरू शकते. गुरुजींना दुसऱ्या दिवसापर्यंत रुग्णालयात ठेवले ते याच भीतीने, कारण त्यांच्या इन्सुलिनमधला मोठा भाग सावकाश काम करणारा होता.

अशा वेळी काय करावे

माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर सुमारे १५ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे तीन सपाट चमचे, पाण्यात विरघळवून द्यावी. ग्लुकोजची पूड असली तर उत्तम. पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा मोजावी. ७० च्या वर गेली नसेल तर तितकीच पुन्हा द्यावी. बरे वाटल्यावर पोळी, भात असे काही खायला द्यावे आणि घडले ते डॉक्टरांना कळवावे.

पेढा, बर्फी, चॉकलेट यांचा येथे उपयोग कमी. ते गोड असतात खरे, पण त्यांतील स्निग्ध पदार्थांमुळे जठर सावकाश रिकामे होते आणि साखर रक्तात उशिरा पोचते. इथे तर मिनिटे मोजायची असतात.

माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, पाणीसुद्धा नाही. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. त्याला कुशीवर वळवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ग्लुकोमीटर नसेल आणि लक्षणांवरून संशय असेल, तर शुद्धीवरच्या माणसाला साखर देऊन टाकावी. साखर चढलेली असताना तीन चमचे जादा गेल्याने लगेच मोठे नुकसान होत नाही. उतरलेली असताना न दिल्याने होऊ शकते.

आणखी काही निसरड्या जागा

ग्लुकोमीटरच्या पट्टीला रक्ताचा साधारण १ मायक्रोलीटरएवढा, किंवा त्याहूनही लहान, थेंब लागतो. साखर १०० मिलिग्रॅम असेल तर या थेंबात ग्लुकोज किती? हिशेब केला तर येते १ मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. आता आंबा किंवा केळे सोलून, हात न धुता बोटाला सुई टोचली, आणि त्वचेवरचे एवढेसे ग्लुकोज थेंबात मिसळले तर? आकडा १०० ऐवजी २०० येईल. तो पाहून कोणी जादा इन्सुलिन घेतले तर खरी साखर खाली जाईल. म्हणून मोजण्यापूर्वी हात साध्या पाण्याने धुऊन कोरडे करावेत.

इन्सुलिन साठवण्याचे तापमान २ ते ८ अंश सेल्सिअस; पण गोठू मात्र देऊ नये. गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी निकामी समजावे. फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याशेजारी ठेवणे म्हणूनच चूक. वापरात असलेली कुपी वेष्टनावर सांगितलेल्या मर्यादेत, साधारण चार आठवडे, सावलीत बाहेर ठेवता येते. कुपी उघडल्याची तारीख तिच्यावरच लिहावी.

जिथे फ्रीज नाही तिथे मातीचे मडके कामी येते. मडक्याच्या छिद्रांतून झिरपणारे पाणी बाष्प होताना दर ग्रॅमला सुमारे ५८० कॅलरी उष्णता ओढून घेते. हवा जितकी कोरडी तितके बाष्पीभवन जोरात. म्हणून हा उपाय विदर्भातल्या मे महिन्यात चांगला चालतो आणि कोकणातल्या जुलैत फारसा नाही. सुदैवाने जुलैत तो तितका लागतही नाही. कुपी प्लॅस्टिकच्या डबीत ठेवून मग ती डबी मडक्यात ठेवावी. केनियातील दादाब येथील निर्वासित छावणीतल्या तापमानाच्या नोंदी घेऊन, त्याच चढउतारात ठेवलेले इन्सुलिन जिनिव्हा विद्यापीठ व 'सीमारहित डॉक्टर' या संघटनेच्या संशोधकांनी तपासले. सन २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की २५ ते ३७ अंशांत चार आठवडे ठेवूनही इन्सुलिनची शक्ती टिकून राहिली. याचा अर्थ कुपी उन्हात किंवा मोटारीत ठेवावी असा नव्हे. फ्रीज नाही म्हणून इन्सुलिनच सुरू करू नये, हा आग्रह मात्र सोडायला हरकत नाही.

दुधासारख्या गढूळ इन्सुलिनमध्ये कण तळाशी बसतात. न मिसळता वापरले तर आज पातळ आणि उद्या दाट असे इन्सुलिन जाते. अशी कुपी तळहातांमध्ये दहा वेळा घोळवावी, दहा वेळा हलकेच उलटसुलट करावी, खुळखुळवू नये.

एकाच जागी वर्षानुवर्षे टोचले तर कातडीखाली चरबीच्या गाठी तयार होतात. तिथे दुखत नाही, म्हणून माणूस तिथेच टोचत राहतो. पण गाठीतून इन्सुलिन सावकाश आणि अनियमित शोषले जाते. पुढे जागा बदलली की तोच डोस जोरात लागू पडतो. म्हणून जागा रोज बदलावी, आणि गाठी आढळल्यास डॉक्टरांना दाखवाव्यात.

उपास हीही अशीच एक जागा. एकादशीला जेवण नाही पण गोळी व इन्सुलिन नेहमीचे, असे अनेक घरांत चालते. उपास करायचाच असेल तर औषधाचे काय करायचे हे आधी विचारून घ्यावे. तसेच डॉक्टर बदलले की जुन्या आणि नव्या चिठ्ठ्या एकत्र दाखवाव्यात. एकच औषध दोन व्यापारी नावांनी दोनदा घेतले जाणे फार सोपे असते.

चाळण्यांची उतरंड

मँचेस्टर विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी मानवी चुकांचा अभ्यास करून १९९० च्या दशकात एक सोपे चित्र मांडले. त्यांनी भोके असलेल्या चीजच्या चकत्यांची उपमा वापरली. आपण चाळण्या म्हणू. अपघात आणि माणूस यांच्यामध्ये एकामागे एक अनेक चाळण्या असतात. प्रत्येकीला भोके असतातच, पण एकीचे भोक दुसरीच्या जाळीने झाकले जाते. सगळ्यांची भोके एका रेषेत आली तरच अपघात घडतो.

गुरुजींच्या घरच्या चाळण्या पाहा. जादा पेन नव्हते. जुन्या सिरिंजा टाकून दिलेल्या नव्हत्या. पेन देताना 'यातले इन्सुलिन अडीचपट दाट आहे' हे कोणी सांगितले नव्हते. छापलेले आकडे बारीक आणि रंग सारखे होते. दुकान बंद होते. सूनबाईंचा हात ही तर शेवटची चाळणी. तिच्यापर्यंत येताना पाच भोके आधीच जुळली होती. 'तिने नीट पाहायला हवे होते' असे म्हणून आपण मोकळे झालो, तर बाकीची भोके पुढच्या घरासाठी तशीच उघडी राहतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी हानी कमी करण्याची मोहीम सुरू केली, आणि २०१९ पासून १७ सप्टेंबर हा रुग्णसुरक्षा दिन पाळला जातो. त्यामागची भूमिकाही हीच आहे : दोषी माणूस शोधण्याआधी भोके शोधा.

त्या घरात आता काय बदलले आहे? पेनचा नवा संच आल्यावर लाल टोपणाच्या सिरिंजा घरातून गेल्या. जादा पेन आले. फ्रीजच्या दारावर नातवाने मोठ्या अक्षरांत एक कागद लावला आहे : इन्सुलिनचे नाव, १००, १८ युनिट, डॉक्टरांचा फोन, १०८. पलंगाशेजारी ग्लुकोजच्या पुडीचा डबा असतो. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बरणीत जमा होतात आणि बरणी भरली की झाकण बंद करून दवाखान्यात पोचवली जाते. कचरा वेचणाऱ्या बायांच्या हाताला त्या लागू नयेत म्हणून.

वर्गात करण्यासारखे

आठवी ते दहावीच्या वर्गात पुढील गोष्टी सहज करता येतील. सुई नसलेल्या, नव्या सिरिंजा शिक्षकांनी स्वतः आणाव्यात. वापरलेली सिरिंज विद्यार्थ्यांच्या हाती कधीही देऊ नये.

१. एका पेल्यात १०० मिलिलीटर पाण्यात ४ चमचे साखर व दुसऱ्यात तेवढ्याच पाण्यात १० चमचे साखर विरघळवा. दोन्हींतून सिरिंजने सारखेच आकारमान काढा. द्रव सारखाच दिसतो. साखर सारखी आहे का? 'आकारमान सारखे, मात्रा वेगळी' हे संहतीच्या धड्यातले सूत्र येथे डोळ्यांसमोर उभे राहते.

२. १०, १८, २४ आणि ३० युनिटांसाठी दोन्ही प्रकारच्या चुकांचे उत्तर काढायला सांगा. सगळ्या उत्तरांत २.५ आणि ०.४ हे गुणक कसे येतात ते विद्यार्थ्यांना शोधू द्या.

३. ओल्या मडक्यात एक आणि बाहेर सावलीत एक असे तापमापक ठेवून आठवडाभर दुपारी नोंदी घ्या. कोरड्या आणि दमट दिवसांची तुलना करा.

४. घरात कोणी इन्सुलिन घेत असेल तर विद्यार्थ्यांनी मोठ्या माणसांच्या समक्ष, कशालाही हात न लावता, कुपीवरचा व सिरिंजवरचा आकडा वाचावा. आकडे वेगळे आढळले तर डॉक्टरांशी किंवा औषधविक्रेत्याशी लगेच बोलायला सांगावे. डोस मात्र कोणी आपण होऊन बदलू नये.

वर्गात पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेला एखादा विद्यार्थी असू शकतो. त्याला तासाच्या मध्ये साखर तपासावी लागते, खावे लागते, वारंवार पाणी लागते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ साली आपल्या परीक्षांत अशा विद्यार्थ्यांना साखरेच्या गोळ्या, फळ, पाणी असे जिन्नस जवळ ठेवण्याची मुभा दिली. जी मुभा परीक्षेत मिळू शकते ती रोजच्या वर्गात द्यायला कोणत्याही परिपत्रकाची गरज नाही. खेळाच्या तासानंतर असा मुलगा घामाघूम होऊन विचित्र उत्तरे देऊ लागला, तर त्याला शिक्षा न करता आधी साखर द्यावी, आणि एकट्याला कुठेही पाठवू नये.

त्रैराशिक शिकवताना आपण मजूर, भिंती आणि दिवस यांची उदाहरणे देतो. ती असू द्यावीत. पण त्यांच्या जोडीला हे एक उदाहरण फळ्यावर अवश्य यावे. पन्नास मुलांच्या वर्गात निदान एकाच्या तरी घरी, फ्रीजच्या दारात, त्याचे उत्तर कोणाची तरी वाट पाहत असण्याचा संभव आहे.